मागे राहिलेल्यांचे सांत्वन

मंडळी, आजचा विषय कोणी हौसेने ऐकायला बसावा असा नाही. घरातले माणूस गेल्यावर मागे राहिलेल्याने पुढे कसे जगायचे, असा तो विषय आहे. आपल्याकडे मर्तिकाच्या घरी शेजारीपाजारी पिठलंभात करून आणतात, नातेवाईक गोळा होतात, कोणी रात्री सोबतीला झोपायला येते. जो तो आपल्या परीने बोलतो. "सुटला बिचारा," "देवाची इच्छा," "आता पोरांकडे बघून दिवस काढायचे." दहावे होते, तेरावे होते. मग गाडीघोड्याने आलेली माणसे परत जातात आणि चौदाव्या दिवशी सकाळी घरातल्या बाईला सवयीने एक कप चहा जास्त टाकला जातो. त्या चौदाव्या दिवसाबद्दल आपण फारसे बोलत नाही.

ख्रिस्ती धर्माच्या आधाराने ज्यांनी हे दिवस काढले, अशा काही माणसांची हकिकत मी तुम्हांला सांगणार आहे. माणसे आपल्याच मुलखातली आहेत. ठाणे-कल्याणशी त्यांतल्या बहुतेकांचा काही ना काही संबंध आहे. कोणी कोणत्या देवाला हाक मारावी हे सांगण्यासाठी मी बोलत नाही. त्याची तुम्हीही धास्ती घेऊ नका. शेजाऱ्याच्या घरात दुःख कसे सोसतात हे ठाऊक असलेले बरे, एवढाच हेतू.

पहिली हकिकत सातशे वर्षांपूर्वीची आणि खुद्द ठाण्याची आहे. १३२१ साली होर्मुझकडून एक गलबत कोल्लमला जायला निघाले होते. वाऱ्याने ते ठाण्याच्या बंदराला लागले. त्यात पाच धर्मबंधू होते. चौघे फ्रान्सिस्कन पंथाचे: टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रियुस. पाचवा जॉर्डन नावाचा फ्रेंच माणूस, दोमिनिकन पंथाचा. त्या काळी ठाण्यात आणि सोपाऱ्याला पूर्वेकडच्या परंपरेतले थोडे ख्रिस्ती लोक राहत असत. जॉर्डन काही कामासाठी उत्तरेकडे गेला आणि चौघे ठाण्यातच राहिले. इकडे एक तंटा उभा राहिला, त्यातून धर्माचा वाद पेटला, आणि एप्रिल महिन्यात चौघांनाही ठार मारण्यात आले. त्या वादात कोणाचे चुकले याच्या खोलात मी आज जात नाही. मला जॉर्डनबद्दल सांगायचे आहे.

बातमी कळल्यावर तो परत आला. मृतदेह सोपाऱ्याला, म्हणजे आपल्या आजच्या नालासोपाऱ्याला, नेऊन त्याने पुरले. ना जातीचे कोणी, ना भाषेचे कोणी. त्याने आपल्या पंथाच्या लोकांना पत्रे लिहिली; त्यांतली दोन आजही उपलब्ध आहेत. दुसरे तर ठाण्याहूनच लिहिलेले आहे. आता एवढा श्रद्धावान माणूस, सोबत्यांना धर्मासाठी मरण आलेले. त्याने कृतार्थतेचे दोन शब्द लिहून पत्र संपवले असेल असे आपल्याला वाटते. तसे नाही. आपण एकटे, पोरके मागे राहिलो याचे दुःख त्याने लिहिले आहे. आजारपण लिहिले आहे. चाच्यांनी धरले, कैदेत टाकले, लोकांनी शिव्या दिल्या, तेही लिहिले आहे. आणि शेवटी मागणी काय, तर आणखी माणसे पाठवा, अमुक अमुक ठिकाणी काम करण्याजोगे आहे. पुढे तो युरोपात परत गेला आणि पोपने त्याला कोल्लमचा बिशप नेमले. सोबत्यांच्या अस्थी मात्र सोपाऱ्याला राहिल्या नाहीत. ओडोरिक नावाच्या दुसऱ्या एका प्रवासी धर्मबंधूने त्या उकरून जहाजाने थेट चीनला नेल्या आणि तिथल्या आपल्या पंथाच्या मठात ठेवल्या.

मला या हकिकतीतले काय महत्त्वाचे वाटते? श्रद्धा असलेल्या माणसाने रडू नये असा एक समज आपल्याकडे सगळ्याच धर्मांत आहे. रडलास म्हणजे तुझा देवावर भरवसा नाही! जॉर्डनने हा समज पाळला नाही. आणि त्याला तसा आधारही होता. योहानाच्या शुभवर्तमानात लाजरची गोष्ट आहे. लाजर हा येशूचा मित्र, बेथानी गावचा. तो आजारी पडल्यावर त्याच्या बहिणींनी येशूला निरोप पाठवला. पण येशू वेळेवर आला नाही. आला तेव्हा लाजरला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. दोन्ही बहिणींनी एकीमागून एक त्याला तोंडावर बोल लावला, की तू इथे असतास तर आमचा भाऊ गेला नसता. येशूने त्यांना दटावले नाही. गोष्ट अशी आहे की पुढच्या घटकेला तो लाजरला उठवणार होता, त्याला ते ठाऊक होते, आणि तरीसुद्धा त्या कबरेपाशी उभा राहून तो रडला. ख्रिस्ती घरात कोणी गेले म्हणजे हा भाग पुष्कळदा वाचतात. पुनरुत्थानाची आशा त्यात आहेच. पण प्रभू स्वतः रडला, मग मला रडायला कोणाची चोरी, हेही त्यात आहे.

आता रीतिरिवाजांबद्दल थोडे सांगतो, कारण आपल्या गावातल्या शिक्षकांच्या वर्गात ख्रिस्ती मुले असतात आणि त्यांच्या घरी काय चालते याची कल्पना इतरांना नसते. ठाण्यातले मासुंदा तलावाजवळचे संत योहान बाप्तिस्ताचे देऊळ पोर्तुगीज काळापासूनचे. त्या परिसरातले जुने मराठी बोलणारे ईस्ट इंडियन ख्रिस्ती, वसईकडचे, आणि पुढे रेल्वे व कारखान्यांमुळे कल्याण-डोंबिवलीला येऊन राहिलेले कोकणी, मल्याळी, तमिळ ख्रिस्ती, अशी ही मिश्र वस्ती आहे. एकाच देवळात निरनिराळ्या भाषांत मिस्सा होते. प्रेताचे दफन करतात. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावामागे 'ख्रिस्तवासी' लावतात. इंग्रजीत दफनभूमीला जो शब्द आहे तो मूळ ग्रीक, आणि त्याचा अर्थ निजण्याची जागा. कॅथलिक घरांत माणूस गेल्यावर काही दिवस संध्याकाळी शेजारचे लोक जमून रोझरीची प्रार्थना म्हणतात, महिना झाला की त्याच्यासाठी मिस्सा सांगतात, वर्षाला पुन्हा सांगतात. प्रॉटेस्टंट घरांत मृतासाठी प्रार्थना करीत नाहीत. ते मागे राहिलेल्यांसाठी करतात, भजने गातात, पवित्र शास्त्र वाचतात.

आणि २ नोव्हेंबर. हा सर्व मृतांचा दिवस. त्या दिवशी कॅथलिक कुटुंबे दफनभूमीत जातात. आधी दोन दिवस जाऊन कबरीवरचे गवत काढलेले असते, दगड धुतलेला असतो. मग फुले घालतात, मेणबत्त्या लावतात, फादर फिरून कबरींवर पवित्र पाणी शिंपडतात. आपल्या सर्वपित्री अमावास्येनंतर हा दिवस साधारण महिनाभराने येतो. ज्यांना सर्वपित्री समजते त्यांना हा दिवस समजावून सांगण्याची गरज नाही. मला या दिवसाचे मोल एका कारणासाठी वाटते. गेलेल्याचे नाव सगळ्यांदेखत घेण्याची ती मोकळीक असते. एरवी वर्ष उलटल्यावर तेच नाव काढले की लोक विषय बदलतात.

पण नुसत्या रीतींनी सांत्वन होते असे म्हणणे खोटे ठरेल. रीती आपल्याला दफनभूमीपर्यंत नेतात आणि परत आणतात. घरी आल्यावर काय?

कल्याणकडे येऊ. १८७० च्या सुमारास कल्याणात दोन मुले वाढत होती. एक मुलगा, कोकणातल्या करजगावी जन्मलेला, नऊएक वर्षांचा. तो तिथल्या शाळेत जात होता. दुसरी एक मुलगी, जोशांच्या वाड्यातली, चार-पाच वर्षांची यमुना. दोघांनी एकमेकांना पाहिले होते की नाही हे सांगायला कोणी उरलेले नाही. मुलाचे नाव नारायण वामन टिळक. यमुना लग्नानंतर आनंदीबाई गोपाळ जोशी झाली.

आनंदीबाईंची हकिकत तुम्हांपैकी शिक्षकांना ठाऊक असेल. चौदाव्या वर्षी मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून या मुलीने डॉक्टर होण्याचे मनात घेतले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या ख्रिस्ती बाईने पत्रांतून तिची ओळख करून घेतली आणि अमेरिकेत तिला घरात ठेवून घेतले. आनंदीबाई तिला मावशी म्हणत. मी हिंदूच राहून परत येईन असे आनंदीबाईंनी जाण्यापूर्वी जाहीर सभेत सांगितले होते, आणि त्या तशाच परत आल्या. १८८६ मध्ये पदवी घेतली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. एकवीस वर्षांच्या होत्या. त्यांची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे धाडली. त्या बाईने ती न्यूयॉर्क राज्यात पकीप्सी येथे आपल्या घरच्यांच्या दफनभूमीत पुरली आणि वर दगड बसवला. तो आजही तिथे आहे. धर्म बदलल्यावाचून, शोकाच्या वेळी कोणाच्या तरी घरचे होता येते, याचे मला याहून चांगले उदाहरण माहीत नाही.

त्या पदवीदान समारंभाला फिलाडेल्फियात आणखी एक मराठी बाई हजर होती. पंडिता रमाबाई. त्या आनंदीबाईंच्या नात्यातल्या होत्या, आणि तोवर ख्रिस्ती झालेल्या होत्या. रमाबाईंनी माणसे गमावली त्याची मोजदाद करू लागलो म्हणजे जीव घाबरा होतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण, तिघेही दुष्काळाच्या दिवसांत, काही महिन्यांच्या अंतराने. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी पायी हिंडत असे. दुष्काळात दक्षिणा देणार कोण? आई गेली तेव्हा तिरडी उचलायला माणसे मिळेनात. दोघे ब्राह्मण कसेबसे आले, तिसरा भाऊ, चौथी रमाबाई. रमाबाई ठेंगण्या. खांद्याला खांदा लागेना म्हणून आपल्या बाजूचा दांडा त्यांनी डोक्यावर घेतला आणि तीन मैल चालल्या. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. १८८२ च्या फेब्रुवारीत पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. लग्न होऊन दोन वर्षेही झाली नव्हती. पदरात मनोरमा, एक वर्षाचीही नाही. रमाबाई तेवीस वर्षांच्या.

१८८३ च्या २९ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लोक म्हणाले, दुःखाने खचून गेली आणि धर्म बदलला. तसे झाले असेल असे मला वाटत नाही, कारण त्यांनी स्वतः दिलेले कारण निराळे आहे. लंडनजवळ फुलहॅम येथे वाँटेजच्या धर्मभगिनी एक आश्रम चालवीत; समाजाने टाकलेल्या, वाट चुकलेल्या बायका तिथे राहत आणि त्यांना कोणी हिणवीत नसे. रमाबाईंनी ते पाहिले आणि विचारले, तुम्ही हे का करता? भगिनींनी त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला शोमरोनी बाईचा अध्याय दाखवला. विहिरीवर आलेल्या, बदनाम झालेल्या त्या परक्या बाईशी येशू प्रेमाने बोलतो, तो. म्हणजे पाहा, रमाबाईंना 'माझी माणसे का गेली' या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही. ते कोणाला मिळते? त्यांना सापडले ते एवढेच, की ज्याला कोणी नाही त्याच्या शेजारी बसणारा देव आहे. तिरडीचा दांडा डोक्यावर घेतलेल्या मुलीला ही गोष्ट किती मोठी वाटली असेल!

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. उपासमार म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होते. तिथून त्यांनी मुली आणल्या आणि पुण्याजवळ केडगावला मुक्तिसदन वाढले. तिथल्या मुली-बायका छापखान्यात खिळे जुळवीत, आणि रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकून सबंध पवित्र शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर करीत होत्या. आपल्यामागे काम चालवील अशी एकुलती एक मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी गेली. चाळीस वर्षांची. रमाबाई तेव्हा साठी ओलांडलेल्या, कानाने अधू. त्यांनी काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या. वयाच्या विशीत आणि साठीत, दोन्ही टोकांना इतके सोसलेल्या बाईला श्रद्धेने दुःखातून सोडवले असे म्हणवत नाही. श्रद्धेने तिला कामातून उठू दिले नाही, असे फार तर म्हणता येईल.

इथे शिक्षकांशी दोन शब्द बोलून घेतो. पवित्र शास्त्रात ईयोब नावाच्या माणसाचे पुस्तक आहे. त्याची गुरेढोरे गेली, मुलेबाळे गेली, अंगभर फोड उठले. त्याचे तीन मित्र सांत्वनाला आले. त्यांनी त्याला पाहिले, मोठ्याने रडले, आणि सात दिवस सात रात्री एक शब्द न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. इथवर त्यांच्यासारखे मित्र नाहीत. आठव्या दिवशी ते बोलू लागले आणि सगळे बिघडले! तू काही पाप केले असशील, देव उगाच कोणाला शिक्षा करीत नाही, असे त्यांचे सुरू झाले. ग्रंथाच्या शेवटी देव या मित्रांवरच रागावतो, देवाशी भांडलेल्या ईयोबावर नाही. ठाणे-कल्याण पट्ट्यात मरण हे पुष्कळदा रेल्वेच्या रुळांवरून येते. २०२५ च्या ९ जूनला मुंब्र्याजवळ भरगच्च लोकलच्या दारांतून माणसे खाली पडली आणि त्यांतली काही कायमची गेली. अशा घरातले मूल पंधरा दिवसांनी वर्गात येऊन बसते. त्याला, बाळ, देवाला चांगली माणसे आवडतात म्हणून त्याने तुझ्या बाबांना नेले, असे कृपा करून सांगू नका. मूल त्यावरून देवाबद्दल काय समजेल याचा विचार करा. त्याच्या बाकाजवळ उभे राहा, त्याची वही बघा, चुकलेला अभ्यास भरून काढायला मदत करा. वडिलांचे नाव हजेरीत येते तेव्हा ते गिळू नका, नीट उच्चारा. ख्रिस्ती मूल असेल, हिंदू असेल, मुसलमान असेल, त्याने काही फरक पडत नाही.

आता नारायण टिळकांकडे. कल्याणची शाळा १८७३ च्या सुमारास सुटली ती आई गेली म्हणून. आई जानकीबाई, कवितेचे वेड मुलाला तिच्याकडूनच आले. तिच्यामागे अकरा-बारा वर्षांचा हा पोरगा घर सोडून नाशिकला निघून गेला, तिथे संस्कृत शिकला, आणि पुढे आयुष्यभर एका जागी म्हणून टिकला नाही. १८९३ मध्ये नागपूरकडून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरचे प्रवचन वाचून ते हलले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांनी पुढे जी शेकडो भजने आणि अभंग लिहिले ते मराठी ख्रिस्ती देवळांत आजही गातात. त्यांत ख्रिस्ताला आई म्हणून मारलेली हाक पुन्हा पुन्हा येते. वारकरी विठोबाला माउली म्हणतात, त्याच वळणावर. ती वारकऱ्यांकडून आली यात शंका नाही. पण लहानपणी आई गेलेल्या माणसाने ती इतकी जवळ केली, यालाही काही अर्थ असावा असे मला वाटते. एका गोळी लागलेल्या पक्षिणीवर त्यांची 'केवढे हे क्रौर्य' ही कविता आहे. मरता मरता तिचा जीव पिलांत अडकलेला. आपल्यापैकी अनेकांनी ती शाळेत पाठ केली असेल. तीही आठवून पाहा.

टिळकांचा बाप्तिस्मा म्हणजे लक्ष्मीबाईंवर कोसळलेले आभाळ. नवरा जिवंत, पण गेल्यासारखा. कुंकू पुसता येत नाही आणि संसारही उरलेला नाही. पदरी चार वर्षांचा दत्तू. पाचएक वर्षे त्या माहेरच्या नातलगांत, पंढरपूर-नाशिककडे राहिल्या. या शोकाला तेरावे नव्हते. त्यांनी तो कवितेत ओतला. अक्षरे नवऱ्यानेच शिकवलेली होती. मग हळूहळू पतीकडे परतल्या, सोवळेओवळे एकदम नव्हे, एकेक करून गळाले, आणि १९०० मध्ये त्याही ख्रिस्ती झाल्या. दुष्काळातली अनाथ मुले घरात आणली, प्लेगच्या रोग्यांत वावरल्या. घरात कवी त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, मुलासारखे राहून गेले. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून बालकवी गेले, सत्तावीस वर्षांचे. वर्ष उलटते न उलटते तोच, म्हणजे वर्षावर चारच दिवस गेले असतील, ९ मे १९१९ ला मुंबईत टिळक गेले. ख्रिस्ती असूनही त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे दहन केले, आणि रक्षा अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, नेऊन पुरली.

लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली नसतील त्यांनी वाचावी. गावच्या वाचनालयात बहुधा असतेच. १९३४ पासून ती भागाभागाने छापली गेली. इतके सोसलेली बाई, पण पानोपानी हसवते. टिळकांच्या विसरभोळेपणाच्या, तापटपणाच्या, हातातला पैसा कोणालाही देऊन टाकण्याच्या गोष्टी त्या सांगतात तेव्हा नवरा देवमाणूस होता असा मुलामा कुठेच देत नाहीत. आपल्याकडे गेलेल्या माणसाबद्दल फक्त चांगले बोलायची रीत आहे. त्या रीतीने माणूस फोटोसारखा सपाट होतो. लक्ष्मीबाईंनी टिळकांना त्यांच्या दोषांसकट जवळ ठेवले. मला वाटते, ज्याला गेलेले माणूस देवाच्या हाती सुखरूप आहे असे मनापासून वाटते, त्यालाच त्याच्याबद्दल असे मोकळेपणाने हसता येते. कोणी म्हणेल, हा नुसता स्वभाव आहे, श्रद्धेचा काय संबंध? असेलही.

टिळक गेले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचे काव्य अपुरे राहिले होते, दहाएक अध्यायांपर्यंत आलेले. रामायणाच्या धर्तीवर येशूची सबंध कथा मराठी पद्यात आणण्याचा त्यांचा बेत होता. लक्ष्मीबाईंनी पुढे लेखणी हातात घेतली. शाळेत कधी गेलेल्या नाहीत, छंदशास्त्र शिकलेल्या नाहीत, वय झालेले, कधी मुलाकडे कराचीला तर कधी नाशिकला बिऱ्हाड. लाजरची कबर आणि तिच्यापाशी रडणारा येशू हा भागही त्याच कथेतला, मूळ कवी गेल्यानंतरच्या वाट्याला आलेला. त्यांनी ६४ अध्याय लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या, तेव्हा नवऱ्याचे काव्य पुरे झालेले होते.